अठरा गड्यांचा डोहाळा

बडनेऱ्याला गाडीत पाय ठेवला तेव्हाच रुख्मिणीनं ठरवलं होतं, अकोला येईपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही. आणि मूर्तिजापूरपर्यंत तिनं ते निभावलंही. ज्यांना रुख्मिणी माहीत आहे त्यांना कळेल, की हे चैत्रात पूर्णेला पूर येण्याइतकं नवल होतं. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तर तिला मुकी समजून, खुणा करकरून, एक पेरू दिला.

मूर्तिजापूरला उत्तमराव फलाटावर उतरले आणि आपल्या हुतुतूच्या टीमच्या निशाणासाठी झेंडूचा हार विकत घेऊन आले.

माळ्याच्या घरचा माणूस. परतवाड्याच्या मळ्यात दोन एकर झेंडू उभा. आणि विकतचा हार!

"नऊ गडी मांगच्या डब्यात उपाशी बसले हायत," रुख्मिणीचं तोंड उघडलंच, "अन् तुमी फडक्याले हार घालून राहिले?"

म्हाताऱ्यानं दचकून पेरू परत घ्यायला हात पुढे केला होता, असं म्हणतात.

"उपाशी कायचे?" उत्तमराव म्हणाले. "सामन्याच्या दिशी गड्यानं हलकं राहा लागते. पोट भरलं का दम सरला."

"अन् काल सामना होता का? परवा होता? रोजच हलके हायत ते. हवा आली तं उडून जातीन एखाद्या दिशी."

"मखमलीच्या बंड्या शिवल्या म्या त्यायले! पितयेची बटनं हायत. अमरावतीत दाखव अशी बंडी कोनाच्या आंगावर."

"आंगावर कायची? तुमच्या पेटीत हाय ते. सामन्याच्या आधी घालाची, सामना झाला का घामासकट काढून द्याची. धुतो कोन? मी."

उत्तमराव खिडकीबाहेर पाहू लागले. संत्री नागपूरच्या बाजारात गेली, हाताशी पैसा आला, तेव्हा लोकांना वाटलं होतं हा माणूस आता मोटार घेईल. उत्तमरावांनी टीम घेतली. टीमसाठी मखमल आणली, निशाण आणलं, आणि सामन्याआधी 'हुतुतू, हुतुतू' ओरडणारा पोपट आणला. पोपटाला डाळिंबाचे दाणे होते. गड्यांना ज्वारीची भाकर आणि ठेचा. पुढे पोपट मांजरीनं खाल्ला, तर त्याचं तेरावं घातलं उत्तमरावांनी. त्या साली गड्यांच्या तोंडी गोड पडलं ते तेवढं एकदाच.

आणि हे खूळ एकट्याचं असतं तर रुख्मिणीनं पोसलंही असतं. पण खूळ ही केळीसारखी गोष्ट. एक खोड लावलं की बाजूनं दुसरं फुटतंच. ते फुटलं व्याह्याच्या घरी. अकोल्याच्या भाजीबाजारातले मोठे आडते खुशालराव, म्हणजे रुख्मिणीच्या लेकीचे, जमुनेचे सासरे, यांनी परतवाड्याचा थाट पाहिला आणि महिन्याभरात आपलीही टीम उभी केली. गड्यांच्या हातात चांदीची कडी घातली. कानात अत्तराचे फाये. जिंकल्यावर वाजवायला बॅंड. आणि वर उत्तमरावांचा सगळ्यात चांगला गडी, सहदेव, तोही कड्याचं आमिष दाखवून उचलून नेला.

सहदेवचा दम असा, की तो परतवाड्याहून 'हुतुतू' म्हणत पळत सुटला की घाट चढून चिखलदऱ्यालाच श्वास घ्यायचा. वाटेत एकदा शिंकला होता, असंही सांगणारे आहेत. पण ते जळणारे लोक.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण बहिरमच्या जत्रेत दोघं व्याही समोरासमोर आले, चार लोकांनी चढवलं, आणि चारशे लोकांच्या देखत दोघांनी पैज लावली. पैसा नाही, बैल नाही, मळा नाही. उत्तमरावांची टीम जिंकली तर जमुनेला पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडायचं. खुशालरावांची जिंकली तर बाळंतपण अकोल्यालाच.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत काय हुतुतूवर ठरवायची? रुख्मिणीनं त्या दिवसापासून नवऱ्याच्या वरणात मीठ घातलं नव्हतं.

"हरले तं?" तिनं आता हळू आवाजात विचारलं.

उत्तमरावांनी हाराची एक पाकळी खुडली. "नाई हरत."

"सहदेव तिकडं हाय."

त्यांनी दुसरी पाकळी खुडली. रुख्मिणीनं पायाशी ठेवलेलं डिंकाच्या लाडवांचं गाठोडं उगाच जवळ ओढलं. हे लाडू तिनं जमुनेच्या बाळंतपणासाठी बांधले होते. घरी बांधून ठेवले होते त्यातले हे नमुन्याला चार. बाकीचे घरी डब्यात, जमुनेची वाट पाहत होते.

अकोल्याच्या स्टेशनावर बॅंड उभा होता. जिंकल्यावर वाजवायचा बॅंड आतापासूनच, रंगीत तालीम म्हणून. पुढे जावई भगवंत. गोरा, गुळगुळीत, आणि उजव्या कानात कापसाचा बोळा. लहानपणापासून त्याचा तो कान वाहायचा. वैद्य झाले, डॉक्टर झाले, चिखलदऱ्याच्या एका गोऱ्या मडमेनं दिलेलं तेल झालं. कान काही ऐकेना. म्हणून त्याला हाक मारायची ती डावीकडून.

"जमुना कशी हाय?" रुख्मिणीनं डावीकडं जाऊन विचारलं.

"बरी हाय, मामीजी. तुमची वाट पाहून राहिली पहाटपासून."

"अन् तुमाले काय वाटते? कोन जिंकावं?"

भगवंतनं इकडंतिकडं पाहिलं. "मी मुलाचा बाप होनार का पोरीचा, हेबी मले मायीत नाई. हे त कसं सांगू?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "पन तिले माहेरी जाचं हाय जी. झोपीत 'माय' म्हन्ते."

घरी गेल्यावर दोघं व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. इतके घट्ट, की कोण कोणाची फासळी मोडतो ते पाहावं.

"या इवाई! हे कोन आनले बरोबर? टीम हाय का बँडवाले?"

"बँड तुमीच ठेवा इवाई. आमचे गडी तोंडानंच वाजवतात."

रुख्मिणी तशीच मागच्या दारानं आत गेली. जमुना चुलीपाशी होती. सातवा महिना, गाल वर आलेले, डोळे मोठे दिसत होते. "माय व!" म्हणून तिनं जी मिठी मारली ती पोटामुळं नीट बसेना, म्हणून ती बाजूनं मारली. रुख्मिणीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, मग परातीकडे पाहिलं. परातीत भाकरींची चळत. घरात माणसं चार.

"येवढ्या भाकरी कोनाले?"

जमुनेनं ओठावर बोट ठेवलं आणि मागच्या दाराकडं मान केली. दारात सहदेव उभा होता. अंगाला अत्तराचा घमघमाट, आणि त्याच्या खालून कांद्याचा.

"काकू, पाया पडतो जी."

"सहदेव? काय रे हा वास?"

"कांद्याच्या वखारीत झोपतो ना आमी. मालक म्हन्ते कांद्यानं छाती मोकयी राहते." तो हसला. "बाकी मजेत हाय. चांदी हाय, अत्तर हाय."

"कडं कुठं हाय तुहं?"

"मालकाच्या अलमारीत. सामन्याच्या टाइमाले घालून देतात."

रुख्मिणीला पेटीतल्या बंड्या आठवल्या आणि तिला एकदम नवऱ्याचा आणि व्याह्याचा चेहरा सारखाच दिसू लागला. एक मिशांचा, एक बिनमिशांचा, एवढाच फरक.

"अन् पोटात काय हाय?" तिनं विचारलं.

सहदेवनं खाली पाहिलं. "पोटात ताईची भाकर हाय. सहा महिन्यापासून." जमुनेनं फडक्यात बांधलेल्या भाकरी त्याच्या हातात दिल्या, पण तो हलेना. "काकू, एक इचारू? आज जिंकलो तं ताई इथंच राहीन, अन् आमाले भाकर भेटत राहीन. हरलो तं ताई तुमच्यासंगं जाइन. नऊच्या नऊ गडी इचार करून राहिले सकायपासून. आमी काय कराव?"

इथं रुख्मिणीला लबाडी करता आली असती. एक शब्द पुरला असता, आणि शब्दांची तिला काही कमी नव्हती. ती म्हणाली, "तू नीट खेय. पोटासाठी जिंकू नको, अन् माह्यासाठी हरू नको. हुतुतू म्हन, अन् जा."

तेवढ्यात मागून आवाज आला. "त्या भाकरीवर लोनी काहून नाई?"

तिघंही दगडासारखे उभे राहिले. दुर्गाबाई. जमुनेची सासू. ताडासारखी उंच बाई, आणि बोलणं असं की दुधाला बाहेरूनच दही करावं.

"पीठ रोज जास्त जाते, मले दिसत नाई वाटते का?" त्यांनी शिंक्यावरून गाडगं काढलं, लोण्याचा गोळा सहदेवच्या फडक्यात टाकला. "जाय. वखारीत पसरू नको, वाटून खाजो."

तो गेल्यावर रुख्मिणीनं धीर केला. "इहीनबाई, तुमी आमच्याकडून एक शब्द टाकला तं..."

"शब्द त्यायनं दिला हाय. चारशे मानसात." दुर्गाबाईंनी गाडगं जागेवर ठेवलं. "या घरात मानसाचा शब्द बाईनं मोडला नाई आजपावेतो."

म्हणजे ही बाई गड्यांच्या बाजूनं आहे, पण आपल्या नाही, असं रुख्मिणीला वाटलं. लोणी दिलं गड्याला आणि मीठ चोळलं आपल्याला.

दुपारी डोहाळजेवण होतं. दोन्ही घरं माळ्यांची, त्यामुळं झोपाळा दिसेना, फुलंच दिसत होती. झोपाळ्यात हिरवं लुगडं नेसलेली जमुना बसली तर पहिल्यांदा दोन भुंगे येऊन तिच्याभोवती फिरले आणि मग कुणाचं लग्न आहे ते न कळून निघून गेले. बायकांनी ओट्या भरल्या, गाणी झाली. आणि पाळी आली डोहाळा विचारायची.

डोहाळ्याचं तुम्हाला माहीतच आहे. पोटुशी बाई जे मागेल ते सासरच्यांनी पुरवायचं. नाही पुरवलं तर लेकराचा कान फुटतो. वऱ्हाडात एक वेळ साहेबाचा हुकूम मोडतील, पण डोहाळा मोडायचा नाही.

खुशालराव उंबऱ्याशी आले. मागं उत्तमराव, मागं निम्मा भाजीबाजार. खुशालरावांनी मिशीवर ताव दिला.

"सूनबाई! माग. लाजू नको. सोनं माग, शालू माग. तुह्या बापाच्या देखत सांगतो, जे मांगशीन ते देतो."

"माहेर सोडून," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

रुख्मिणी झोपाळ्याच्या दोरीला धरून उभी होती. जमुनेनं पदर पुढं ओढला आणि सासूच्या कानाशी तोंड नेलं. सासऱ्याशी थेट कसं बोलायचं? रुख्मिणी हातभर अंतरावर. लेकीचा शब्द न् शब्द तिनं ऐकला. जमुना म्हणाली, "आत्याबाई, मले काई नको. दोन्ही टीमच्या गड्यायले एक डाव पोटभर जेवताना पाह्याचं हाय."

एवढंच.

दुर्गाबाई सरळ झाल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सून म्हन्ते, दोन्ही टीमचे अठरा गडी आत्ता, याच आंगनात, एका पंगतीत बसवा. दोन्ही मालकायनं सोताच्या हातानं वाढाव. अन् गडी उठेस्तोवर मालकायनं घास घ्यायचा नाई."

जमुनेनं डोळे मोठे करून सासूकडं पाहिलं. मग आईकडं. रुख्मिणीनं झोपाळ्याची दोरी घट्ट धरली आणि छताकडं पाहत राहिली. हसू आलं की ती नेहमी छताकडं पाहते.

खुशालरावांचा ताव मिशीवरच अडकला. "आत्ता? चार वाजता सामना हाय!"

"डोहाया हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "पुरवाचा नसन तं सांगा. मंग लेकराचा कान."

रोडगे तयारच होते. कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडले की वाफ निघणारे. वरण, वांग्याची भाजी, तुपाची घागर. अठरा गडी अंगणात बसले, खांद्याला खांदा लावून, आणि समोर दोन मालक धोतराचा काचा मारून, हातात परात घेऊन उभे. पहिला रोडगा दोघांनीही पत्रावळीच्या बाहेरच टाकला. हा प्रकार त्यांनी जन्मात केला नव्हता.

आता इथं गोष्ट खरी म्हणजे सरळ व्हायला हवी होती. वाढलं, जेवले, उठले. पण हे वऱ्हाडातले व्याही. खुशालराव आपल्या गड्यांच्या रांगेत दोन-दोन रोडगे टाकून पुढं सरकले आणि त्यांच्या मनात आलं, भरलेल्या पोटी दम टिकत नाही. ते वळले आणि उत्तमरावांच्या गड्यांपुढे जाऊन बसले.

"घ्या ना बापा! लाजता काहून? पाव्हणे हा तुमी. माह्या घरी आले अन् दोन रोडग्यावर उठता? माहं नाक कापता का?" आणि वरून तुपाची धार. धार थांबेचना.

उत्तमरावांनी ते पाहिलं. संत्र्यात मुरलेला माणूस, दुसऱ्याच्या बागेचा पाड त्याला लांबून कळतो. त्यांनी परात उचलली आणि थेट सहदेवपुढं बसकण मारली.

"सहदेव! माह्या घरचं मीठ खाल्लं तू. आज माह्या हातचा रोडगा नाई म्हनतो?"

"मालक, पोट भरलं जी."

"हा तुह्या काकूच्या नावाचा."

तो गेला. मग जमुनेच्या नावाचा गेला. मग बहिरमबुवाच्या नावाचा. मग पोपटाच्या नावाचा, की मेलेल्या जिवाच्या नावानं दिलेलं परत करू नये.

गड्यांची अडचण वेगळीच. आजवर मालकानं त्यांना शिवी दिली होती, कडं दिलं होतं, बंडी दिली होती. हातानं घास कुणी दिला नव्हता. समोर खुद्द मालक गुडघ्यावर बसून 'एक घे रे बाप्पा' म्हणतो, तर नाही कुणाला म्हणता येईल? उत्तमरावांच्या किसना नावाच्या गड्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तुपामुळं असेल. त्या दिवशी अकोल्यात किती रोडगे उठले याचा कोणी हिशेब ठेवला नाही. पण गावातल्या गोवऱ्या संपल्या आणि शेजारणींनी संध्याकाळचा चहा गूळ-शेंगदाण्यावर भागवला, हे खरं आहे.

रुख्मिणी मात्र पंगत पाहत नव्हती. ती जमुनेला पाहत होती. झोपाळ्यातून पंगतीकडं पाहताना त्या पोरीच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जणू अठरा जण नाही, तिचं एकटीचंच पोट भरत होतं.

चार वाजता सामना सुरू झाला. पंच म्हणून शाळेचे पुंजाराम मास्तर, गळ्यात शिट्टी. उत्तमरावांचे गडी मखमली बंड्यांत, खुशालरावांचे चांदीच्या कड्यांत. बंड्यांची बटणं कशीबशी लागली होती. कडी तेवढी सहज चढली, मनगटं अजून सुजायची होती.

पहिली चाल सहदेवची. मैदान श्वास रोखून बसलं. सहदेवनं रेघ ओलांडली, छाती फुगवली आणि म्हणाला, "हु..."

मग तो थांबला. चेहऱ्यावर विचार आला. आणि त्याला जो ढेकर आला तो, कोणी म्हणतं, स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरनं शिट्टी समजून गाडी सोडली.

दम गेला. पकडायला किसना पुढं झाला, दोन पावलं टाकली, पोटावर हात ठेवला, आणि हळूच खाली बसला. बसला तो आडवा झाला. तिसऱ्या मिनिटाला घोरू लागला. उत्तमरावांच्या दुसऱ्या गड्यानं चाल केली. वाकल्याबरोबर त्याच्या बंडीचं पितळी बटण सुटलं आणि बॅंडच्या ढोलावर जाऊन 'धम्म' वाजलं. बॅंडवाल्यांना वाटलं निकाल लागला. त्यांनी सुरू केलं, त्यांना थांबवायला मास्तर धावले.

अर्धा तास असा गेला. कोणी कोणाला धरेना, कोणी कोणाला शिवेना. शेवटी मास्तरांनी मैदानात मधोमध उभं राहून जाहीर केलं, "दोनी बाजूचे सारेच जिते हायत. काई जन झोपले हायत, पन जिते हायत. सामना बरोबरीत."

लोक हसून हसून एकमेकांवर पडले. रुख्मिणीही हसली असती. पण खुशालराव उठून म्हणाले, "बरोबरी म्हन्जे हाय तसं. सून इथंच."

"वा रे वा!" उत्तमराव तडकले. "बरोबरी म्हन्जे फिरून सामना. फुडच्या महिन्यात, परतवाड्याले. तवा पाहू."

"पाहू!"

"पाहू!"

आणि दोघं हात मिळवायला पुढं झाले. पुढच्या महिन्यात जमुनेला आठवा लागणार. आठव्यात बाईला गाडीत बसवत नाहीत, नदी ओलांडू देत नाहीत. हे दोघं बाप, एक तिचा, एक तिच्या नवऱ्याचा, आणि दोघांनाही ते आठवलं नव्हतं. त्यांना निशाण आठवलं होतं, बटणं आठवली होती. तिनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा तिला शब्द सापडेना.

तेवढ्यात मैदानातली माणसं बाजूला होऊ लागली. पुरुषांच्या गर्दीतून दुर्गाबाई चालत आल्या. बाईमाणूस कधी त्या मैदानात उतरलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलंच नाही. भगवंतपाशी गेल्या आणि त्याच्या उजव्या कानातला कापसाचा बोळा काढून हातात घेतला.

"हे काय हाय?" त्यांनी खुशालरावांना विचारलं.

"काय हाय म्हन्जे? त्याचा कान."

"कशानं वाह्यते?"

"मले काय मायीत? डॉक्टरले नाई समजलं..."

"मले समजते." दुर्गाबाईंचा आवाज चढला नाही. म्हणून सगळे ऐकू लागले. "याच्या टाइमाले मले डोहाया लागला होता. आंबट नाई, गोड नाई. मले माय पाहिजे होती. रिद्धपूर, तीन दिसाची बैलगाडी. तुमच्या बापाच्या तालमीत तवा पैलवान होते, महिन्यावर दंगल होती. मी गेली असती तं त्यायचं दूध कोन तापवलं असतं? नाई धाडलं."

किसनाचं घोरणं तेवढं चालू होतं.

"माय माही डिंकाचे लाडू बांधून बसली होती. त्यायले बुरशी आली. दुसऱ्या साली मायबी गेली."

खुशालरावांचा आवाज खोल गेला. "मंग तवा काहून नाई सांगतलं?"

"कोनाले? रोज सकायी तुमचे बाबा पैलवानायले इचारत, आज काय खाशीन रे? मले कोनं इचारलं होतं?" त्यांनी बोळा नवऱ्याच्या हातात ठेवला. "बाईनं मानसाचा शब्द मोडला नाई या घरात. मी आजबी मोडत नाई. तुमचा तुमीच पाहा."

खुशालराव बोळ्याकडं पाहत राहिले. एवढ्या मोठ्या आडत्या माणसाच्या तळहातावर तेवढासा कापूस. मग त्यांनी तो खिशात घातला आणि उत्तमरावांकडं न पाहता म्हणाले, "इवाई, सांजची गाडी किती वाजता हाय?"

"सहाले."

"भगवंत!" त्यांनी डावीकडून हाक मारली. "दमनी जुप. गाद्या टाक दोन."

बॅंडमास्तर चाचरत पुढं आला. "मालक, आमी वाजवाचं कोनासाठी? जिंकलं तं कोनीच नाई."

"वाजव ना रे भाऊ! सून माहेरी चालली माही."

सहाच्या गाडीला इतकी माणसं स्टेशनवर आली होती, की तिकीटबाबूला वाटलं गव्हर्नर आला. पुढं बॅंड, मागं बैल जुंपलेली दमणी, दमणीच्या दोन्ही बाजूंनी अठरा गडी, सगळे पोट धरून, हळूहळू. उत्तमरावांच्या गड्यांनी बंड्या काढून द्यायला सुरुवात केली, तर रुख्मिणी पुढं झाली.

"राहू द्या आंगावर. माघात थंडी असते."

उत्तमरावांनी तोंड उघडलं, बायकोकडं पाहिलं आणि मिटलं. आज रात्री वरणात मीठ असेल की नाही, याचा त्यांना अंदाज येईना. ते पाहून खुशालरावांनीही, कडी गोळा करायला आणलेली पिशवी पाठीमागं धरली.

जमुना डब्यात बसली. भगवंत खिडकीशी उभा राहून बोळा काढलेल्या उजव्या कानानं तिचं काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होता. शिट्टी झाली. सुनेला बसवायला डब्यात चढलेल्या दुर्गाबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, तिची फुलं नीट केली, आणि उतरायला वळल्या. रुख्मिणीनं त्यांचं मनगट धरलं.

"इहीनबाई. लाडू मोप बांधले हायत म्या. चला."

"कुठं?"

"माहेरी."

"माह्या माहेरात आता कोन हाय व?"

"मी हाय ना."

दुर्गाबाई उभ्याच राहिल्या. एवढी उंच बाई, पण डब्याच्या दारात ती एकदम लहान दिसली. गाडी हलली. त्या उतरल्या नाहीत. अंगावरच्या लुगड्यानिशी, ना पिशवी, ना चिरगूट, रुख्मिणीच्या बाजूला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडं."

खुशालराव गाडीबरोबर चालू लागले. मग पळू लागले. "अवं! अवं, तू कुठं? घरी रांधन कोन? हे नऊ गडी हायत माह्याकडं!"

खिडकीतून रुख्मिणीला दिसलं, सहदेव मालकाच्या बाजूनं पळत होता. पोटात एवढे रोडगे असूनही गडी दमला नव्हता.

"काई फिकर करू नका, मालक," तो म्हणत होता. "वाढाचं तं शिकले तुमी. रांधाचं आमी शिकवतो."